लाइन खराब होती

वकीलसाहेबांचा हिरव्या दिव्यावर विश्वास नव्हता. मोडेमवर ओळीनं पाच दिवे लागायचे, पाचही हिरवे. केबलवाला शकील हात झटकून म्हणायचा, "साहेब, सब चालू हाय." त्यावर साहेब चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "कशावरून?"

"दिवा लागून राहिला ना साहेब."

"दिवा तं देवासमोरबी लागते. देव घरी हाय हे कशावरून?"

शकील माझ्याकडं बघायचा, मी मोडेमकडं बघायचो. मग मला हुकूम सुटायचा, "लेव्हल घे." आजारी माणसाचा ताप घे म्हणावं, त्या सुरात.

लेव्हल घेणं म्हणजे काय, ते सांगतो. संगणकावर आकड्यांचा एक पत्ता टाकला की मोडेमचं स्वतःचं एक करडं, रूक्ष पान उघडायचं. त्यावर पाहण्याजोग्या गोष्टी तीनच. बाहेरून घरात येणारा सिग्नल किती जोराचा आहे, त्यात खरखर किती मिसळली आहे, आणि मोडेमला बाहेर बोलताना किती ओरडावं लागतंय. पान इंग्रजीत असायचं. साहेबांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, पण ते स्वतः कधी वाचत नसत. "मी पक्षकार हाय. पक्षकारानं सोताचा पुरावा सोता वाचू नये." म्हणून मी मोठ्यानं वाचायचो आणि ते आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायचे. एक आकडा वाचला की डोळे न उघडता म्हणायचे, "पुढे." दुसरा वाचला की पुन्हा, "पुढे." जन्मभर कोर्टात साक्षी ऐकलेला माणूस, त्याला तसंच ऐकायची सवय.

मी त्यांच्या अकोल्याच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. वऱ्हाडात पाऊस बेतानं आणि पाहणीपथकं भरपूर, असे ते दिवस. मुंबई-दिल्लीहून पांढऱ्या गाड्या यायच्या, कपाशीत उभं राहून फोटो व्हायचे आणि ऊन चढायच्या आत गाड्या परत जायच्या. अशाच एका पाहणीवर माझंही पोट होतं. दिवसा गावं फिरून घराघरातली माहिती घ्यायची आणि संध्याकाळी ती पुण्याच्या ऑफिसला धाडायची. त्यासाठी इंटरनेट लागायचं, आणि भाडेकरूला आपल्या संगणकाला हात लावू देणारा घरमालक जठारपेठेत तरी मला दुसरा माहीत नव्हता.

ही खोली मला मोठ्या बाईंनी मिळवून दिली. मोठ्या बाई म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नी. त्या अमरावतीत मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावरही अख्खी राजापेठ त्यांना मोठ्या बाईच म्हणायची. आमचं घर अमरावतीतच, माझी ताई त्यांच्या शाळेत शिकलेली. तेव्हा मी दोघांनाही ओळखायचो, आणि ही ओळख पुढं मला चांगलीच भोवली.

साहेब अकोल्याच्या कोर्टात आणि बाई अमरावतीच्या शाळेत, असा दोघांचा संसार जन्मभर शनिवार-रविवारी झाला. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर एका घरात राहायचं, असं दोघांचं केव्हाच ठरलं होतं. कोणत्या घरात, तेवढं ठरवायचं राहून गेलं. साहेबांना वाटलं, बाई अकोल्याला येतील, बायका येतातच. बाईंना वाटलं, साहेब अमरावतीला येतील. कोर्ट सुटल्यावर अकोल्यात ऊन सोडून आहे काय? दोघांनी वाट पाहिली. मी राहायला गेलो तेव्हाही ती वाट पाहणं चालूच होतं. साहेबांच्या भाषेत, प्रकरण प्रलंबित होतं. दोघंही सत्तरीकडं झुकलेले. आहेत ती वर्षं एका छपराखाली जाणार की नाही, एवढा साधा प्रश्न होता. तो दोघांनाही कळत होता आणि दोघंही तो दुसऱ्यावर ढकलत होते.

बरं, दोघांकडं कारणं होती, आणि ती खोटी नव्हती. साहेबांची वकिली शेताच्या वाटण्यांची, बांधांची. ती सोडली तरी बाळापूर-पातूरकडची माणसं बाजाराला आली की त्यांच्या ओसरीवर टेकायची. साहेब सल्ला देत नसत, पाणी देत. माणसं बराच वेळ नुसती बसून राहायची, मग "येतो साहेब" म्हणून उठायची. "मी अमरावतीले गेलो तं हे लोक कुठं बसतीन?" ते मला विचारायचे. मी दिवसभर तसल्याच माणसांच्या घरी जाऊन प्रश्न विचारत असे, आणि त्यांना माझ्या प्रश्नांपेक्षा बसायला जागा हवी असते हे मला दिसत होतं.

बाईंचं घर पोरींनी भरलेलं होतं. त्या वर्षांत गावातल्या घरात पैशाची ओढाताण झाली की पहिलं काही बंद व्हायचं ते मुलीचं कॉलेज. अशा पोरी बाईंनी एकेक करून घरी आणून ठेवल्या. कुणी दर्यापूरकडची, कुणी अचलपूरकडची, एक तर थेट धारणीच्या पलीकडून जीपला लटकत आलेली. साहेब याला "मॅडमचं अतिक्रमण" म्हणत.

हो, ते बायकोला मॅडम म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. "समोरच्या पक्षाले एकेरी बोलत नसते." आणि बाई त्यांना वकीलसाहेब म्हणायच्या. साहेब अस्सल वऱ्हाडी बोलायचे, बाई अमरावतीत जन्म काढूनही शाळेच्या पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या.

बाईंना फोन चालत नसे. "फोनवर माणूस काय तोंड करून बोलतोय ते कळत नाही," असं त्यांचं म्हणणं. शेवटी एका भाच्यानं दोन्हीकडं इंटरनेट घ्यायला लावलं, कॅमेरे बसवून दिले आणि तो नोकरीला परदेशी निघून गेला. तेव्हापासून रोज भारनियमन संपून संध्याकाळी लाइट आली की हे दोघं पडद्यावर समोरासमोर बसायचे. दुपारच्या आत एस्टीनं पोचता येईल एवढ्या अंतरावरची माणसं. एकदा मी न राहवून म्हणालो, "साहेब, त्यापेक्षा बशीनं चक्कर मारून या ना."

"गेलो तं परत यावं लागते," साहेब म्हणाले, "अन् परत नाई आलो तं केस हरलो."

अमरावतीतली एकच गोष्ट त्यांना मान्य होती, दह्यात बुडवलेला गिला वडा. "पन तो बशीत बसून अकोल्याले येत नाई. तुमच्या मोठ्या बाईसारखाच हाय."

लेव्हल घेता येते हे मी त्यांना सांगितलं, त्याचा पस्तावा मला पहिल्याच आठवड्यात झाला. पान उघडलं, आणि घरात येणाऱ्या सिग्नलची ताकद होती शून्याच्या आसपास. साहेब खुर्चीतून उठलेच. "शून्य? मी वर्षभरापासून शून्य वापरून राहिलो?"

मी डब्यातली पुस्तिका काढून दाखवली. या मोजपट्टीवर शून्य म्हणजे काहीच नाही असा अर्थ नाही. शून्य म्हणजे अगदी नेमकं. थोडं उणं चालतं, थोडं अधिक चालतं, पण शून्याच्या जवळ राहिलेलं बरं.

"असं कुठं असते का? शून्य मार्काले पास करते का कोनी?"

त्यांनी शकीलला बोलावलं आणि सिग्नल वाढवून मागितला. शकील गिऱ्हाइकाला नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. "साहेब म्हन्ते तं लावून देतो," म्हणत त्यानं घरातच एक छोटा बूस्टर चढवला. आकडा अधिक सतरावर गेला. साहेबांनी मला पेढा दिला. पेढा तोंडात असतानाच मोडेमचे दिवे एकेक करून गेले, आणि टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला आडव्या रेघा आल्या. इंटरनेट ठार.

"आता तं भरपूर हाय, मंग काहून बंद पडलं?"

"साहेब, कुणी कानात तोंड घालून ओरडलं, तर काय बोलतोय ते कळतं का?"

साहेबांनी एकदा मोडेमकडं, एकदा टीव्हीकडं पाहिलं. मग शकीलला म्हणाले, "काढ तो डबा." आणि त्या दिवसापासून त्यांना शून्याचं वेड लागलं. ज्याचं त्याचं माप ते याच पट्टीवर घ्यायला लागले. घसा ताणून भाषण ठोकणारा पुढारी "प्लस चौदा". समोरच्याला ऐकूच जाणार नाही असं पुटपुटणारा बँकेतला कारकून "मायनस वीस". माझ्या आईला ते एकदाच भेटले आणि म्हणाले, "तुह्यी आई शून्याजवळची हाय, जप तिले." बाईंचा आकडा मात्र रोज बदलायचा. "आज मॅडम प्लस अकरा होत्या," असं सांगून ते जेवायला बसायचे.

वैशाखात तर त्यांनी कहर केला. अकोल्याच्या उन्हात मोडेम तापतं, हे त्यांना कुठून तरी कळलं. त्यांनी कूलरसमोरची खुर्ची मोडेमला दिली. पाहुणे आले तर बाजूच्या खुर्चीवर घाम पुसत बसायचे. कोणी मोडेमची खुर्ची ओढायला गेलं तर साहेब म्हणायचे, "तिथं बसू नका, आमचा साक्षीदार हाय."

या साऱ्या खटाटोपाचं कारण एकच. बोलणं रंगात आलं की लाइन जायची. बाईंचं तोंड अर्धवट उघडं असतानाच चित्र थिजायचं आणि नाहीसं व्हायचं. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा जोडणी झाली की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "कट केलंत ना?"

बाईंच्या संशयाला आधार होता. वाद अंगावर आला की पिशवी उचलून "बस चुकते" म्हणत चालू पडायचं, ही साहेबांची जन्माची खोड. रविवारची भांडणं त्यांनी अशीच अर्ध्यावर सोडली होती. आता बस नव्हती, पिशवी नव्हती, तर बटण दाबून पळतात, असं बाईंचं ठाम मत. एरवी शंभर गुन्हे कबूल केले असते असा हा माणूस, पण न केलेल्या या गुन्ह्यानं पेटून उठला. "म्या कट नाई केलं. हे म्या सिद्ध करून दाखवतो."

सिद्ध करायला साक्षीदार लागतो. मी दर शनिवारी घरी अमरावतीला जायचो, तेव्हा साक्ष माझ्यावर आली. लाइन गेली रे गेली की मी लेव्हल वाचायची आणि रविवारी सकाळी बाईंच्या घरी जाऊन तोंडी सांगायची. पानाची छपाई काढून नेतो म्हटलं तर साहेबांना ते पटलं नाही. "कागद कोनीबी छापते. मानसानं सांगितलं पाह्यजे."

बाई वेताच्या खुर्चीत बसायच्या. भोवती पोरी गहू निवडत असायच्या, कुणाचे ओले केस पाठीवर, कुणाचं पुस्तक गुडघ्यावर. त्यांच्या देखत माझी तपासणी चालायची.

"शुक्रवारी किती होता सिग्नल?"

"उणे पंचवीस, बाई."

"म्हणजे वाईट?"

"फार वाईट. मोडेमला काही ऐकूच येत नव्हतं."

"पण तू त्यांचा भाडेकरू. तुझी साक्ष काय धरायची?"

"खोली तुम्हीच मिळवून दिलीत ना बाई."

"म्हणजे माझाही मिंधा. मग तर मुळीच धरायची नाही." पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या. बाई माझ्यासमोर गिला वड्याची बशी ठेवायच्या आणि जाताना हमखास विचारायच्या, "जेवतात ना वेळेवर?" हे विचारताना त्या माझ्याकडं पाहत नसत. मी सोमवारी अकोल्यात पाय ठेवला की साहेब निकाल विचारायचे. नंतर, सहज आठवल्यासारखं, "गुडघा कसा हाय मॅडमचा?"

गुन्हेगार सापडला तो साहेबांच्याच डोक्यानं. "रोज लाइट आल्यावरच लाइन जाते. म्हंजे लाइट आल्यावर कोनी तरी काही तरी करते." दोन-तीन संध्याकाळी ते काठी टेकत, मान वर करून केबलची काळी वायर बघत गल्लीभर फिरले. ती खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून कडुनिंबात आणि तिथून कोपऱ्यावरच्या पापडवाल्या काकूंच्या खिडकीतून आत शिरत होती. काकूंचा घरगुती पापडाचा धंदा. आम्ही पापड घ्यायच्या निमित्तानं जाऊन बसलो. तेवढ्यात लाइट आली.

"बसा, आलोच," म्हणत काकू उठल्या. भिंतीवर एकच प्लग होता. त्यातली पिन त्यांनी उपटली, मिक्सरची खुपसली आणि घर्र सुरू केलं. त्याच क्षणी बाहेर गल्लीत ओरडा झाला, "ए, टीव्ही गेला!" समोरून एक, मागून एक, गच्चीवरून एक.

"रोज बोंबलते हे लोक," काकू मिरची वाटता वाटता म्हणाल्या, "काहून बोंबलते कोन जाने."

साहेब हळूच उठून त्या उपटलेल्या पिनेपर्यंत गेले. तिची वायर कपाटावरच्या एका लोखंडी डब्यात गेली होती. "काकू, हा डबा कशाचा हाय?"

"शकीलचा हाय. घरात ठेवू द्या म्हने, तुमाले केबल फुकट देतो. आता डबा काय खाते का पिते? म्हून ठेवला."

आमच्याकडं ही सर्रास पद्धत होती. सिग्नल पुढं ढकलणारा मोठा बूस्टर केबलवाले गल्लीतल्या एखाद्या घरात ठेवत, वीज त्या घराची, बदल्यात त्या घराला केबल फुकट. अख्ख्या गल्लीचा सिग्नल काकूंच्या कपाटावर होता, हे गल्लीला माहीत नव्हतं आणि काकूंनाही नव्हतं.

"अन् याची पिन?"

"मिक्सर झाला का लावतो ना परत. बेइमानी नाई आपल्यापाशी."

साहेब काकूंवर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन चांगला जाडजूड एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि आपल्या हातानं काकूंच्या प्लगला लावून दिला. बूस्टर एकीकडं, मिक्सर दुसरीकडं. काकूंनी ठेच्याची वाटी भरून दिली. ती त्यांनी हातात धरून गल्लीतून अशी आणली, जणू वरच्या कोर्टात अपील जिंकून आले.

मी रविवारी अमरावतीला साक्ष दिली, मिक्सर, मिरची आणि काकूंसकट. पोरी हसून लोळल्या. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "बरं. निर्दोष." काठावर पास झालेल्या मुलीला सांगावं तसं.

आणि मग खरी पंचाईत झाली. आता लाइन जाईना. त्या मिक्सरनं दोघांचं बोलणं मुद्द्यापर्यंत कधी जाऊच दिलं नव्हतं. गुडघा, ऊन, पापड, पोरींच्या परीक्षा हे सगळं बोलून झालं तरी वेळ उरायला लागला. एका संध्याकाळी, मी मागं माझी कागदपत्रं लावत बसलो असताना, साहेबांनी घसा साफ केला.

"मंग मॅडम, आता प्रकरण निकाली काढू. तुमी अकोल्याले कधी येता?"

चित्र गेलं.

"लेव्हल घे," साहेब डोळे मिटून म्हणाले.

मी पान उघडलं. "शून्य दशांश दोन."

"पुढे."

"खरखर नाही."

"पुढे."

"बाहेर जाणारा अगदी व्यवस्थित."

त्यांनी "पुढे" म्हटलं नाही. शेजारच्या घरातून मालिकेचं गाणं ऐकू येत होतं, न तुटता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गल्लीत कोणी ओरडलं नव्हतं. साहेबांनी डोळे उघडले. उठले, चष्मा लावला आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावरून वाकून ते पान स्वतः वाचलं. बराच वेळ वाचत होते. वाचायला त्यात तीनच आकडे होते.

मी म्हणालो, "साहेब, अमरावतीची लाइन गेली असेल."

तेवढ्यात पडद्यावर बाई आल्या. मागं पोरी पुस्तकं घेऊन भिंतीशी बसलेल्या. बाई कॅमेऱ्याकडं न बघता पदर सारखा करत म्हणाल्या, "काय झालं? कट केलंत का?"

मला वाटलं, आता साहेब उभे राहतील. इतके महिने जमवलेला पुरावा समोर उघडा होता. साक्षीदार मागं बसला होता. साहेबांनी पानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"नाई मॅडम," ते म्हणाले. "लाइन. आमच्या इकडची लाइनच खराब हाय."

"अजून? त्या काकूंचं तर झालं ना?"

"काकूचं झालं. पन वायर जुनी हाय. नाई होनार दुरुस्त."

बाईंनी पदर पुन्हा सारखा केला. मग म्हणाल्या, "तुम्ही काहीतरी विचारत होतात."

"इचारत होतो का, जेवल्या का."

"अजून नाही," बाई म्हणाल्या, आणि पोरींनी काय स्वयंपाक केलाय ते सविस्तर सांगू लागल्या. साहेब हात हनुवटीखाली घेऊन ऐकत होते. मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, कारण तसं केलं असतं तर त्यांनी मला प्लस सतरा ठरवलं असतं.

बोलणं संपल्यावर म्हणाले, "अमरावतीची लाइन गेली असती तं तिनं येताच तिथल्या लाइनले शिव्या घातल्या असत्या. 'कट केलंत का' म्हून मले नसतं इचारलं."

"पण कशाला करतील बाई असं?"

"पोरी सोडून तिले येता येत नाई. अन् मले 'नाई' म्हनाचं तिच्या जिवावर येते." बाईंबद्दल ते एकेरीत बोललेले मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. "शाळेत कसं, अडचनीचा प्रश्न आला का तास संपला म्हनाचं, घंटा वाजवाची. तशी वाजवली घंटा. आता तू सांग, तू काय पाह्यलं?"

"शून्य दशांश दोन."

"तू काई नाई पाह्यलं. आजपासून तू फितूर."

अकोल्याला कधी येता, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. लाइनही पुन्हा गेली नाही. दिवाळीनंतर एका शनिवारी सकाळी खाली आलो तर शकील ओसरीवर डोक्याला हात लावून बसला होता. साहेबांना कनेक्शन बंद करून हवं होतं. कारण, लाइन खराब.

"साहेब, झीरो हाय झीरो! तुमीच म्हनता ना, झीरो पाह्यजे!"

"मले मान्य नाई," साहेब म्हणाले. मोडेम टॉवेलात गुंडाळून त्यांनी शकीलच्या हातात दिलं आणि माझ्याकडं वळले. "ओसरीचं फाटक उघडं ठेवत जा. माठ रोज भर. कोनी आलं तं बसू दे. काही इचारू नको त्याले, तुह्यी पाहनीची फारमं वर ठेव." मग पिशवी उचलली. "चाल, बस चुकते."

मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा आम्ही खाली उतरून चहा घेतला. साहेब बशीत चहा ओतून घेत म्हणाले, "हरलो म्हन."

मी चहावर फुंकर घातली. ते स्वतःच म्हणाले, "हरलो तं हरलो. गिला वडा तं भेटन."

पाहणी संपेपर्यंत मी अकोल्यात राहिलो आणि माठ भरत राहिलो. माणसं येऊन बसायची. साहेब कुठं गेले, हे फारसं कोणी विचारत नसे.

पुढं बऱ्याच वर्षांनी बाईंकडं गेलो होतो. अंगणात नव्या पोरी, जुन्यांपैकी धारणीची आता परिचारिका झालेली आणि सुट्टीत आलेली. साहेब वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. बाईंच्या शाळेतली कुणी जुनी सहकारी भेटायला आली होती. तिनं विचारलं, वकीलसाहेब अकोला सोडून इकडं कसे काय राहायला आले, ते तर सोडायला तयार नव्हते.

"अहो, तिथली लाइन फार खराब," बाई म्हणाल्या. "रोज बोलता बोलता कट व्हायचं. किती दिवस चालायचं तसं? शेवटी आले इकडं." मग माझ्याकडं वळल्या. माझ्या बशीत गिला वडा होता, त्यावर त्यांनी आणखी एक वाढला. "हा साक्षीला होता ना तेव्हा. खरं की नाही रे? लाइन खराब होती ना?"

साहेबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त मान किंचित माझ्या बाजूला कलली.

"हो बाई," मी म्हणालो. "फारच खराब होती."

"पुढे," साहेब म्हणाले.